पानाची घडी

डोंबिवलीहून व्ही.टी.ला जाणाऱ्या लोकलमध्ये उभ्याने वर्तमानपत्र वाचणं ही एक कला होती. मी १९८२ साली बँकेत लागलो तेव्हा ती मला येत नव्हती. साताऱ्याला आमच्या घरी पेपर ओसरीवर पसरून, त्यावर ओणवं होऊन वाचायची पद्धत. त्याच सवयीने पहिल्या दिवशी मी गाडीत दोन्ही हात फाकवून पेपर उघडला आणि त्याचा कोपरा शेजारच्या गृहस्थांच्या चष्म्याला लागला. ते रागावले नाहीत. त्यांनी पेपर माझ्या हातून घेतला, उभा दुमडला, मग आडवा, मग पुन्हा उभा. आठ कॉलमांच्या ऐसपैस पानाची दोन कॉलमांची पट्टी करून त्यांनी ती माझ्या हातात दिली. म्हणाले, "आता वाचा. संपलं की उलटी करा."

पुढे सदतीस वर्षं मी तसाच पेपर वाचला. ठाण्यापर्यंत अग्रलेख, घाटकोपरपर्यंत वाचकांची पत्रं, दादरला क्रिकेट. एका हाताने वरची कडी आणि दुसऱ्या हातात ती पट्टी. २०१९ साली निवृत्त झालो, त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं डब्यात अशी पट्टी हातात असलेला बहुधा मी एकटाच उरलो होतो. बाकी सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. मला त्यांची थोडी कीव यायची. वाटायचं, ही माणसं वाचत नाहीत, नुसती बघतात. त्यांच्या हातातलं पान आधीच दुमडून आलेलं आहे, एवढी साधी गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती.

ती ध्यानात आली साताऱ्याच्या बाईंमुळे. शाळेत मला मराठी शिकवणाऱ्या बाई आता सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. कान शाबूत, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली, पण डोळ्यांनी दगा दिला. पडद्याच्या मधोमध डाग पडला आहे. छापलेलं अक्षर दिसत नाही. भिंग धरावं तर हात थरथरतो. ज्या बाईंनी आम्हाला सुट्टीत ग्रंथालयाची वाट दाखवली, त्यांचं वाचन तीन वर्षं बंद होतं. मग नातीने त्यांना एक मोबाइल आणून दिला आणि त्यावरची अक्षरं चांगली बोराएवढी करून दिली. ओळीत चार-पाच शब्द मावतात. बाई पुन्हा रोज सकाळी पेपर वाचू लागल्या.

मागच्या वर्षी त्यांचा फोन आला. "अरे, तुझी ती कादंबरी वाचायची राहिलीच की. तू दिलेली प्रत कोणीतरी वाचायला म्हणून नेली, ती काही परत आली नाही. आता या फोनवर मिळेल का?"

कुठल्याही लेखकाला यापेक्षा मोठा मान नाही. कादंबरी १९९८ सालची, ४१२ पानांची. प्रकाशकांकडे तिची पीडीएफ प्रत होती. ती मागवून मी दहा मिनिटांत बाईंना पाठवली आणि स्वतःवरच खूश झालो. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "अरे, ही वाचायची कशी? अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. ओळ पुरी करायला पान एकीकडे ओढायचं आणि पुढची ओळ धरायला दुसरीकडे. दहा ओळींत माझा जीव दमला. पेपर असा त्रास देत नाही. तुझीच कादंबरी का देते?"

प्रश्न बिनतोड होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते होतं माझ्या भाच्याकडे. तो पुण्याला संकेतस्थळांची मांडणी करण्याचा व्यवसाय गेली वीसेक वर्षं करतो. त्या रविवारी तो जेवायला आला होता. पानावरून उठण्याआधीच मी बाईंचा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला.

"मामा, सोपं आहे," तो म्हणाला. "तुझी कादंबरी म्हणजे छापलेल्या पानाचा फोटो आहे असं समज. फोटो मोठा केला की तो चौकटीबाहेर जाणारच. बाई जो पेपर वाचतात, तो पान म्हणून त्यांच्याकडे येतच नाही. येतो नुसता मजकूर, आणि त्याच्यासोबत काही सूचना. बाईंचा फोन स्वतःची रुंदी बघतो, बाईंनी अक्षर केवढं मागितलंय ते बघतो आणि त्या क्षणी पान लावतो."

"म्हणजे फोनच्या पोटात खिळे जुळवणारा बसलाय?"

"बसलाय. आणि तो प्रत्येक वाचकासाठी निराळं पान लावतो."

मग त्याने जे सांगितलं त्यात माझी दुपारची झोप गेली, पण ती गेल्याचं वाईट वाटलं नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९०-९१ च्या सुमारास पहिली वेब पानं तयार केली, तेव्हा त्यांत मजकूर, मथळे आणि दुवे एवढंच होतं. पान अमुक इतकं रुंद असावं असं त्यांनी कुठे ठरवलंच नव्हतं. खिडकी रुंद असेल तर ओळ लांब, खिडकी अरुंद असेल तर ओळ आखूड. पाणी जसं तांब्यात तांब्यासारखं आणि ताटात ताटासारखं. मग या क्षेत्रात आले छपाईतले चित्रकार आणि मांडणीकार. त्यांना कागदाची सवय. कागदाला ठरलेली लांबी-रुंदी असते. त्यांनी पाण्याचा बर्फ केला. संगणकाच्या पडद्यावरचे प्रकाशाचे ठिपके मोजून पानं आखली जाऊ लागली. आधी ६४० ठिपके रुंदीच्या पडद्यासाठी, मग ८००, मग १०२४. संकेतस्थळाच्या तळाशी 'हे पान ८०० बाय ६०० च्या पडद्यावर उत्तम दिसते' अशा सूचना असत, त्या अनेकांना आठवत असतील. पडदा तसा नसेल तर तो दोष वाचकाचा!

२००० साली जॉन ऑलसॉप नावाच्या एका ऑस्ट्रेलियन मांडणीकाराने 'अ डाओ ऑफ वेब डिझाइन' हा लेख लिहून आपल्या व्यवसायबंधूंना सांगितलं होतं की, कागदासारखी पकड वेबवर शोधू नका. पान लवचीक असणं हा या माध्यमाचा कमकुवतपणा नाही, तेच त्याचं बळ आहे. लेख वाखाणला गेला. पानं मात्र ताठच राहिली.

ती वाकवली मोबाइलने. ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयफोन दाखवला, तेव्हा व्यासपीठावर त्यांनी न्यूयॉर्क टाइम्सचं अख्खं पान त्यावर उघडलं होतं. टाळ्या पडल्या. पण पडदा अवघा ३२० ठिपके रुंद. मग फोन काय करायचा? पान ९८० ठिपके रुंद आहे असं मानून ते मांडायचा आणि मग आक्रसून त्या चिमुकल्या चौकटीत बसवायचा. अक्षरं मुंग्यांएवढी. दोन बोटांनी ती मोठी करायची आणि पान इकडून तिकडे ओढत वाचायचं. बाईंनी माझ्या कादंबरीबद्दल जी तक्रार केली, ती तेव्हा साऱ्या जगाची होती. त्यावर काही संस्थांनी तोडगा काढला: संगणकासाठी एक संकेतस्थळ आणि मोबाइलसाठी दुसरं, छोटं. हे ऐकून माझ्यातला बँकवाला जागा झाला. एका खात्याच्या दोन खातेवह्या ठेवल्या तर वर्षअखेरीला मेळ बसणार कसा? बसतही नव्हता. एकीकडे बातमी दुरुस्त व्हायची, दुसरीकडे चूक तशीच.

२५ मे २०१० रोजी इथन मार्कॉट या अमेरिकन मांडणीकाराचा लेख प्रसिद्ध झाला आणि या व्यवसायाला वळण मिळालं. 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे त्याचं शीर्षक पुढे त्या पद्धतीचंच नाव झालं. कल्पना अगदी हिशेबी. रकान्याची रुंदी ठिपक्यांत सांगू नका, टक्क्यांत सांगा. ९६० ठिपक्यांच्या पानात ३०० ठिपक्यांचा रकाना असेल तर ३०० भागिले ९६०, म्हणजे ३१.२५ टक्के. मग पान कितीही रुंद असो, रकाना आपला वाटा बरोबर घेतो. चित्रांनाही सांगून ठेवायचं की आपल्या चौकटीबाहेर पाय पसरू नका. आणि तिसरं म्हणजे काही उंबरठे ठरवायचे: रुंदी अमुकपेक्षा कमी झाली तर तीन रकाने शेजारी-शेजारी न ठेवता एकाखाली एक लावा. माझ्या डोळ्यांपुढे ते लोकलमधले गृहस्थ उभे राहिले. उभी घडी, आडवी घडी, पुन्हा उभी. जे ते हातांनी करत होते, ते आता पान आपलं आपण करायला शिकलं होतं.

भाचा पुढे म्हणाला, "पण मामा, घडी घालायला शिकवणं सोपं. अवघड असतं ते वरच्या बाजूला काय ठेवायचं हे ठरवणं." संगणकाच्या रुंद पडद्यावर सगळ्यांचीच सोय लागायची. डावीकडे दुव्यांची रांग, उजवीकडे जाहिराती, वर सरकत्या सूचना, मध्ये कुठेतरी मजकूर. मोबाइलवर एका वेळी एकच गोष्ट दिसते. मग ती कोणती? ल्यूक रोब्लेव्स्की यांनी २००९ पासून मांडायला सुरुवात केली, आणि २०११ च्या 'मोबाइल फर्स्ट' या पुस्तकात सविस्तर लिहिलं, की मांडणीची सुरुवातच लहान पडद्यापासून करावी. जागा कमी पडली की माणसाला नेमकं काय हवंय याचा विचार करणं भाग पडतं.

हा धडा मी बँकेत वेगळ्या गुरूकडून शिकलो होतो. नव्वदच्या दशकात आमच्या शाखेत खातं उघडण्याच्या अर्जात एकतीस रकाने होते. वडिलांचं किंवा पतीचं नाव तीनदा. एकदा भाजी विकणाऱ्या एक मावशी काउंटरवर आल्या. शेजारच्या मुलाने त्यांचा अर्ज भरून दिला होता. त्याच्या तिसऱ्या पानाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "साहेब, माझे पैसे मला परत द्यायला तुम्हाला माझ्या नवऱ्याचं नाव तीनदा कशाला लागतं?" आमचे शाखाधिकारी हे ऐकत होते. संध्याकाळी त्यांनी मला बसवून घेतलं आणि सांगितलं, "गेल्या वर्षभरात ज्या रकान्याकडे आपण एकदाही ढुंकून पाहिलं नाही, त्यावर काट मारा." अठरा रकाने उरले. वरिष्ठांना पाठवलेला तो मसुदा पुढे फायलीतच राहिला, ही गोष्ट वेगळी. पण हे मावशींचं तत्त्व आज मोबाइल साऱ्या जगाला शिकवतो आहे. अजून सगळे शिकलेले नाहीत. मागच्याच महिन्यात एका संस्थेच्या संकेतस्थळावर मी अर्धा तास एक अर्ज भरला, आणि 'पुढे चला'चं बटण पडद्याच्या उजव्या कडेच्या पलीकडे निघालं. बोटाने ते ओढून आणेपर्यंत मुदत संपली आणि सगळं पुन्हा भरावं लागलं. तेव्हा मला त्या मावशींची फार आठवण झाली.

ज्यांनी शिकायला उशीर केला त्यांना गूगलने ढकललं. २१ एप्रिल २०१५ पासून मोबाइलवर शोध घेणाऱ्याला मोबाइलवर नीट वाचता येणारी पानं आधी दाखवायची, असं गूगलने ठरवलं. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, स्टॅटकाउंटर या संस्थेच्या नोंदींनुसार जगात मोबाइल आणि टॅब्लेटवरून होणारा वेबचा वापर पहिल्यांदा संगणकावरच्या वापराच्या पुढे गेला: ५१.३ टक्के. आपल्याकडे त्याच सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा स्वस्त झाला. ज्या घरात संगणक कधी आलाच नव्हता, तिथे वेब आली ती थेट तळहातावर.

पण पान वाकायला शिकलं तरी मराठी अक्षराचा प्रश्न उरतच होता, आणि इथे माझ्या कादंबरीचं घोडं पुन्हा अडलं. भाच्याला म्हटलं, "मग कादंबरीचा नुसता मजकूर काढ आणि बाईंसाठी तसं वाहतं पान कर." त्याने पीडीएफमधून मजकूर उचलला तर इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम यांची खिचडी बाहेर आली. कारण १९९८ साली मराठी फॉन्टची तऱ्हाच अशी होती: संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षर, त्यावर चेहरा तेवढा मराठी. फॉन्ट काढला की मुखवटा गळाला. मराठी संकेतस्थळंही तेव्हा प्रत्येकाचा आपापला फॉन्ट आधी उतरवून घ्यायला लावत. न घेतल्यास वाचकाच्या वाट्याला हीच खिचडी.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक. देवनागरीला त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून जागा होती. पण जागा असणं वेगळं आणि पडद्यावर नीट दिसणं वेगळं. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फॉन्ट आला. तो घडवला होता आपले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. मोबाइलवर मात्र आणखी काही वर्षं मराठीच्या जागी रिकामे चौकोनच दिसत. हौशी मंडळी तेव्हा ऑपेरा मिनीच्या सेटिंगमध्ये शिरून एक कळ फिरवत, मग अक्षरांऐवजी अक्षरांची चित्रं येत आणि मराठी दिसे. 'ॲप' लिहिताना आपण जो अर्धचंद्र असलेला 'अ' वापरतो, त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली. इतक्या छोट्या छोट्या पायऱ्या चढून बाईंचा पेपर त्यांच्या हातात आला आहे.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारी साधनं आहेत. भाच्याने कादंबरी त्यातून काढली आणि म्हणाला, "मामा, नव्वद टक्के काम झालं. उरलेलं तुझं." त्या उरलेल्या कामाला दोन महिने लागले. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफाराचं उलट. त्यामुळे वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या होत्या आणि रफार भलत्याच घरी पोचले होते. स्वतःची पंचवीस वर्षांपूर्वीची कादंबरी अक्षर न् अक्षर तपासायची शिक्षा कोणाही लेखकाच्या नशिबी येऊ नये. भाच्याने ओळींतलं अंतर वाढवलं. इंग्रजीच्या मापाने ओळी लावल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो, हे मला तेव्हा कळलं. दुसरं एक त्याने सुचवलं ते मात्र मला झोंबलं. "मामा, तुझे परिच्छेद फार मोठे आहेत. कागदावर पंधरा ओळी दिसतात त्या बाईंच्या फोनवर पाच पडदे होतात. तोडू या का?"

मी नाही म्हणालो. पण प्रश्न मनात राहिला. परिच्छेद आखूड होत चालले आहेत हे मी पाहतोच आहे. माझ्या लेखातला एक परिच्छेद आता छापून येताना तीन होऊन येतो. जपानमध्ये तर मोबाइलवर लिहिल्या आणि मोबाइलवरच वाचल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांचा एक प्रकारच निघाला: छोटी वाक्यं, भरपूर मोकळी जागा, संवादच संवाद. तिथल्या २००७ सालच्या सर्वाधिक खपाच्या दहा कादंबऱ्यांपैकी पाच अशा मोबाइलवर जन्मलेल्या होत्या. मांडणी बदलली की लेखन बदलतं, आणि लेखन बदललं की वाचणारा बदलतो.

मीही बदललो आहे, हे कबूल करायला हवं. गेल्या दिवाळीत एक सहाशे पानांची कादंबरी वाचायला घेतली, कागदावरची. पूर्वी अशी कादंबरी मी चार दिवसांत संपवत असे. या वेळी दहा-बारा पानं झाली की हात आपोआप मोबाइलकडे जाई. काही आलेलं नसे. पाहिलं की समजायचं, काही आलेलं नाही. मग बोट सरकत राहायचं. खाली सरकवत जावं तसा आणखी मजकूर येतच राहावा, ही युक्ती एझा रास्किन यांनी २००६ साली घडवली, आणि पुढे त्यांनी स्वतःच तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. माझ्या लोकलमधल्या पट्टीला शेवट होता. अग्रलेखाला शेवटची ओळ असे, आणि ती आली की मान वर करून माणूस खिडकीबाहेर बघे, वाचलेल्याचा विचार करे, नाहीतर शेजाऱ्याशी वाद घाले. या नव्या पानाला तळच नाही, त्यामुळे मान वर करायची वेळच येत नाही.

हा केवळ म्हाताऱ्याचा सूर नव्हे. स्पेन आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी २००० ते २०१७ या काळातल्या ५४ अभ्यासांची एकत्र पडताळणी करून निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध केले. एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचकांची ती माहिती होती. तोच मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा अधिक चांगला समजतो असं दिसलं, विशेषतः माहितीपर मजकूर आणि वेळेचं बंधन असेल तेव्हा. सवयीने हा फरक कमी होत जाईल असं वाटेल, पण वर्षांगणिक तो वाढलेला आढळला. गोष्ट वाचताना मात्र कागद आणि पडदा यांत असा फरक दिसला नाही. कादंबरीकार म्हणून मी या शेवटच्या वाक्याला धरून बसलो आहे.

बाईंना कादंबरी वाचायला सात आठवडे लागले. मी मध्ये विचारलं नाही. परीक्षेचा पेपर तपासला जात असताना विचारायचं नसतं. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"वाचून झाली. चांगली आहे. तिसऱ्या प्रकरणात पाल्हाळ आहे, पण चांगली आहे."

"बाई, त्रास नाही ना झाला?"

"अरे, चार-पाच शब्दांची ओळ. एकही शब्द सोडता येत नाही. डोळे धड असते तर ते तिसरं प्रकरण मी भराभर उलटून टाकलं असतं. आता सगळं वाचावं लागलं, म्हणून तर पाल्हाळ कळला! आणि हे बघ, वाचायला बसले की तो विमानाचा बटण दाबून टाकते. नातीने शिकवलंय. मध्येच कोणाचं काही आलं की माझी ओळ हरवते."

मी खाली मान घालून ऐकत होतो. साठी उलटलेला, चांगल्या डोळ्यांचा मी, दहा पानांवर अडकलो होतो, आणि बाईंनी त्याच यंत्रावर ४१२ पानं वाचून काढली होती. मांडणीकारांनी पान त्यांच्या डोळ्यांएवढं करून दिलं, हे त्यांचे उपकार. पुढचं काम बाईंचं बाईंनी केलं. तेवढं एक बटण दाबायचं मला सुचलं नव्हतं असं नाही, मी दाबलं नव्हतं.

"एक अडचण आहे मात्र," बाई पुढे म्हणाल्या. "विहिरीपाशी ती दोघं भेटतात तिथे एक वाक्य चुकलंय. पूर्वी मी पान सांगितलं असतं, डावीकडचं की उजवीकडचं तेही. आता पानच नाही. कुठे म्हणून सांगू?" मग त्यांनी ते वाक्य मला पाठ म्हणून दाखवलं. कर्ता-क्रियापदाचा मेळ चुकला होता. पंचवीस वर्षं तो तसाच छापलेला होता आणि माझ्या दोन महिन्यांच्या तपासणीतूनही सुटला होता. भाच्याने रात्रीच दुरुस्ती केली. कागदावर ती करायला नवी आवृत्ती काढावी लागली असती.

बाईंनी आता माझी पहिली कादंबरी मागितली आहे. ती १९८९ ची, खिळे जुळवून छापलेली. तिची ना पीडीएफ, ना फॉन्ट. एक पिवळी पडलेली प्रत तेवढी घरी आहे. म्हणून रोज सकाळी चहा झाला की मोबाइल आतल्या खोलीत ठेवतो आणि संगणकावर ती पुन्हा टंकायला बसतो. रोज तीन पानं. परवा बाईंनी विचारलं, "कुठवर आलं?"

म्हटलं, "शेहेचाळिसाव्या पानापर्यंत."

"पानं नको सांगूस," बाई म्हणाल्या. "प्रकरण सांग."